डेस्कटॉपवर खरंखुरं ४के कसं मिळवायचं? वरचा प्लॅन असूनही चित्र गुळगुळीतच

सांजवेळ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्याला ताप झालाय म्हणून शेवटी विचारतेच. माझ्याकडे डेस्कटॉप आहे, विंडोज ११, आठव्या पिढीचा आय५, जीटीएक्स १०६० ६ जीबीवालं कार्ड, आणि २७ इंची ४के मॉनिटर. एका ओटीटीचा सगळ्यात वरचा प्लॅन घेतलाय ज्यात ४के स्पष्ट लिहिलंय. नेट १०० एमबीपीएसचं, स्पीड टेस्ट कधीही मारा ९० च्या खाली येत नाही. आणि तरीसुद्धा सिनेमा लावला की अंधाऱ्या सीनमध्ये काळ्या भागात नुसते चौकोन चौकोन दिसतात, चेहरे मेणाचे वाटतात, केस म्हणजे एक सपाट काळा पट्टा. तोच सिनेमा त्याच अकाउंटवरून हॉलमधल्या टीव्हीवर लावला तर चकाचक, स्वेटरची वीण मोजून घ्या.

गंमत म्हणजे याच कॉम्प्युटरवर यूट्यूबचं ४के एकदम कडक दिसतं, म्हणजे मॉनिटर आणि नेट दोन्ही ठीक असणार ना? कस्टमर केअरवाल्यांचं एकच पालुपद, कॅशे क्लिअर करा आणि परत लॉगिन करा, ते सगळं करून झालं. प्लेअरच्या कोपऱ्यात जो छोटा बिल्ला येतो तिथे टीव्हीवर यूएचडी (म्हणजे ४के) दिसतं, इथे एचडीच. ब्राउजर क्रोम. बाजूला ऑफिसच्या कामासाठी एक जुना मॉनिटरपण जोडलेला आहे, पण सिनेमा मी मोठ्यावरच बघते. अजून काही माहिती लागली तर सांगा.

घाईगर्दी
डीएनएस बदला दादा, ८.८.८.८ टाका, माझं बफरिंग थांबलं होतं त्याने. नाहीतर राउटर रिस्टार्ट.

सांजवेळ
दादा नाही हो, ताई :) आणि बफरिंगचा प्रॉब्लेमच नाहीये, अडकत अजिबात नाही, फक्त गढूळ दिसतं.

पिक्सेलपंत
डीएनएसचं काम पत्ता शोधून देण्याचं, फार तर कधीतरी लांबचा सर्व्हर मिळाला तर फरक पडेल. इथे त्याचा संबंध नाही. आणि तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे बघा, यूट्यूब ४के चालतंय आणि ओटीटी चालत नाही, म्हणजे नेट, मॉनिटर, कार्ड तिघंही सुटले. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस पुरेत म्हणतं, यूट्यूब २० म्हणतं, तुमच्याकडे त्याच्या चौपट-पाचपट आहे. टाकी भरलेली आहे, चावीच अर्धी उघडलीय, आणि ती चावी तुमच्या हातात नाही.

चावी म्हणजे डीआरएम, नक्कल होऊ नये म्हणून व्हिडिओला घातलेलं डिजिटल कुलूप. यूट्यूबवरच्या साध्या व्हिडिओला कुलूप नसतं, जो मागेल त्याला पूर्ण क्वालिटी मिळते. ओटीटीवरचा सिनेमा मात्र कुलूपबंद येतो, आणि कुलूप कुठे उघडलं जातंय हे बघून सर्व्हर ठरवतो की किती चांगलं चित्र द्यायचं. गूगलची पद्धत वाइडवाइन, त्यात एल१ ते एल३ अशा पायऱ्या. एल१ मध्ये सगळा कारभार हार्डवेअरच्या सुरक्षित कप्प्यात होतो, एल३ मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. अँड्रॉइड टीव्ही बहुतेक एल१ असतो. डेस्कटॉपवरचं क्रोम आणि फायरफॉक्स बहुतेक ठिकाणी एल३ वर चालतं, आणि सिनेमावाल्यांचा एल३ वर विश्वास नाही, की कुणीतरी मधल्यामध्ये उचलेल. म्हणून वरची क्वालिटी देतच नाहीत. तुम्ही कितीही पैसे भरा.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं कुलूप आहे, प्लेरेडी, आणि त्याची हार्डवेअरवाली पायरी एज ब्राउजरला वापरता येते. मॅकवर सफारीचं फेअरप्ले. नेटफ्लिक्सचंच उदाहरण घेतो कारण त्यांनी नियम उघड लिहून ठेवलेत: विंडोजवर ४के हवं तर एज, मॅकवर सफारी, तेही ॲपलच्या स्वतःच्या चिपचा किंवा टी२ चिपवाला मॅक आणि बिग सर किंवा त्यापुढची सिस्टिम. क्रोमवर पूर्वी ७२०पी (साधं एचडी) वरच गाडी थांबायची, आता १०८०पी (फुल एचडी) पर्यंत देतात. बाकीच्या सेवांचे आकडे वेगळे असतील, काही तर कॉम्प्युटरवर ४के देतच नाहीत, त्यामुळे तुमच्या सेवेच्या मदत विभागात "कॉम्प्युटर" असं शोधून ब्राउजरचं कोष्टक आधी वाचा. प्लॅनच्या जाहिरातीत ४के लिहिलेलं असतं ते "चालणाऱ्या उपकरणांवर" या बारीक अक्षरांसकट.

तर पहिलं काम, एज उघडा आणि तोच सिनेमा तिथे लावा. मग सांगा बिल्ला बदलतो का.

तारतम्य
पंतांना दुजोरा, फक्त एजवर गेलं की लगेच होईल असं नाही, मधे अजून दोन-तीन दारं आहेत.

एक म्हणजे एचईव्हीसी. हा एक कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत. बरेच ओटीटी ४के या कोडेकमध्ये पाठवतात आणि विंडोजमध्ये तो कायम आयता असतोच असं नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स नावाचं एक छोटं ॲड-ऑन मिळतं, थोडे पैसे पडतात, काही ब्रँडेड कॉम्प्युटरवर ते आधीच घातलेलं असतं. असेम्बल केलेल्या मशीनवर बहुतेक नसतं. कार्डाचं म्हणाल तर १०६० ला १० बिट एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये जमतं, इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून जमतं, तिकडे तुम्ही निर्धास्त.

दुसरं एचडीसीपी. कार्डापासून मॉनिटरपर्यंत केबलमधून जे चित्र जातं त्यालाही कुलूप असतं, ४के ला आवृत्ती २.२ लागते. जुन्या ४के मॉनिटरांची एक खोड आहे, दोन-तीन एचडीएमआय पोर्ट असतात पण २.२ त्यातल्या एकाच पोर्टला, बाकीचे जुने. मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये पोर्टनिहाय लिहिलेलं असतं, ते बघा. केबल कार्डाला लावलीय ना, मदरबोर्डला नाही ना, तेही बघा. हसू नका, मागे डोकं घालून न बघता मदरबोर्डच्या पोर्टात केबल खुपसलेली आणि महागडं कार्ड नुसतंच पंखा फिरवत बसलेलं, हे कित्येकांकडे असतं. तुमच्या काळातल्या बोर्डांवरचा एचडीएमआय बऱ्याचदा १.४ असतो, त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे ६० हर्ट्झ दिसायला हवं.

आणि तिसरा, माझा संशय सगळ्यात जास्त याच्यावर आहे. तो जुना मॉनिटर कुठल्या केबलने जोडलाय?

सांजवेळ
४के वाला एचडीएमआयने थेट कार्डाला, ६० हर्ट्झ दिसतंय. जुना मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरून, एक कन्व्हर्टर आहे मधे, त्याच्या पुढे ती निळी स्क्रूवाली केबल. व्हीजीएच ना ती? पण त्याच्यावर तर नुसतं मेल आणि एक्सेल उघडं असतं, सिनेमा त्याच्यावर जातच नाही, मग त्याचा काय संबंध?

तारतम्य
संबंध आहे. प्लेअर सिनेमा कुठल्या पडद्यावर आहे एवढंच बघत नाही, चालू असलेले सगळे पडदे तपासतो. कारण खिडकी धरून तुम्ही कधीही दुसऱ्या मॉनिटरवर ओढू शकता. एनव्हीडियाने त्यांच्या कार्डांसाठी हे लिहूनच ठेवलंय, चालू असलेल्यांपैकी एखादा जरी मॉनिटर एचडीसीपी २.२ चा नसेल तर क्वालिटी फुल एचडी किंवा त्याच्याही खाली येईल. आणि व्हीजीए तर ॲनालॉग, तिथे एचडीसीपी नावाचा प्रकारच नाही. तुमच्या एक्सेलने सिनेमा खाली ओढलाय.

विंडोज की आणि पी एकत्र दाबा, उजवीकडे यादी येईल, त्यात सगळ्यात वरचं "पीसी स्क्रीन ओन्ली" निवडा. केबल काढायची गरज नाही. मग ब्राउजर पूर्ण बंद करून परत उघडा, नुसतं पान रिफ्रेश करून भागत नाही कारण ही तपासणी बऱ्याचदा प्लेअर सुरू होतानाच होते.

उलटसुलट
माझं मत थोडं वेगळं. ४के च्या बिल्ल्यामागे एवढं धावू नका. पडद्यावर किती पिक्सेल आहेत यापेक्षा सेकंदाला किती डेटा येतोय हे महत्त्वाचं. ४के ब्लू-रे डिस्कला १२८ एमबीपीएसपर्यंत मुभा आहे, साध्या १०८०पी ब्लू-रेमध्ये नुसत्या व्हिडिओला ४० पर्यंत, आणि ओटीटीचं ४के साधारण १५-२० च्या आसपास फिरतं. म्हणजे चांगली १०८०पी डिस्क कित्येक स्ट्रीमिंग ४के ला अंधाऱ्या सीनमध्ये सहज मागे टाकते. सांजवेळताईंनी जे काळे चौकोन सांगितले ना, तो पिक्सेल कमी असल्याचा दोष नाहीये, डेटा कमी पडल्याचा आहे. धूर, पाऊस, धुकं, कॅन्डललाइट, इथे एन्कोडरची (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सगळी लबाडी उघडी पडते.

पिक्सेलपंत
बरोबर, पण म्हणूनच ४के स्ट्रीम घ्यायचा. सेवावाले १०८०पी ला हात आखडता घेतात आणि ४के ला मोकळा सोडतात, मग तुमचा मॉनिटर १०८०पी चा असला तरी ४के स्ट्रीम त्यावर जास्त स्वच्छ दिसतो. अजून एक कारण आहे. स्ट्रीमिंगमध्ये रंगांची माहिती ४:२:० पद्धतीने येते, म्हणजे उजेड-अंधार पूर्ण रिझोल्यूशनला पण रंग उभा-आडवा निम्म्याच. १०८०पी व्हिडिओत रंग खरं तर ९६० बाय ५४० चेच असतात. ४के मध्ये रंग १९२० बाय १०८० येतात, ते १०८०पी मॉनिटरवर खाली आणले की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. लाल कपड्याची कड काळ्या पार्श्वभूमीवर बघा, लगेच कळतं.

यूट्यूबवर हे कुणालाही आत्ता करून बघता येईल, १०८०पी मॉनिटरवर मुद्दाम २१६०पी (म्हणजे ४के) निवडा. ओटीटीवर मात्र १०८०पी मॉनिटर दिसला की बहुतेक प्लेअर ४के पाठवतच नाहीत, तिथे हा उपाय नाही चालत.

घाईगर्दी
यूट्यूबचा विषय निघालाच आहे तर, माझ्याकडे यूट्यूबवर १०८०पी च्या वर पर्यायच येत नाही, व्हिडिओ ४के आहे हे मोबाईलवर दिसतं तरी. असं का?

पिक्सेलपंत
व्हिडिओवर राइट क्लिक, "स्टॅट्स फॉर नर्ड्स". कोडेकच्या ओळीत काय लिहिलंय?

घाईगर्दी
एव्हीसी१ आणि पुढे आकडे.

पिक्सेलपंत
एव्हीसी१ म्हणजे एच२६४, जुना कोडेक. मग ब्राउजरमध्ये त्याची सक्ती करणारं एखादं एक्स्टेन्शन बसलंय. जुन्या लॅपटॉपचा पंखा शांत राहावा म्हणून लोक घालतात आणि विसरतात. यूट्यूब १०८०पी च्या वर एच२६४ देतच नाही, तिथून पुढे व्हीपी९ किंवा एव्ही१. ते एक्स्टेन्शन बंद करा, ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसायला लागेल आणि वरचे पर्याय उगवतील. त्याच खिडकीत ड्रॉप्ड फ्रेम्सचा (गळलेल्या चित्रांचा) आकडा असतो त्याच्यावर लक्ष ठेवा, तो सारखा वाढत असेल तर तुमच्या मशीनला तो कोडेक हार्डवेअरमध्ये झेपत नाहीये. एव्ही१ ला इंटेल ११वी पिढी, एनव्हीडिया आरटीएक्स ३० किंवा एएमडी आरएक्स ६००० किंवा त्यापुढचं कार्ड लागतं, तेही ६४०० आणि ६५०० एक्सटी ही धाकटी दोन सोडून. खात्री करायची तर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू, तिथे व्हिडिओ डीकोडचा आलेख हलतोय का बघा. तो सपाट आणि सीपीयू घामाघूम असेल तर ब्राउजरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद पडलंय.

घाईगर्दी
होतं एक्स्टेन्शन. काढलं, १४४०पी आणि २१६०पी दोन्ही आले. धन्यवाद पंत.

टक्स_भक्त
आम्ही लिनक्सवाले या धाग्यावर नुसते वाचायला येतो. आमच्याकडे ना हार्डवेअरवालं प्लेरेडी ना एल१, सरळ एल३, मग कित्येक सेवा ७२०पी च्या पुढे जाऊ देत नाहीत. राग याचा येतो की हा सगळा जाच पैसे भरणाऱ्यालाच. जो भरत नाही त्याला कुठल्या एचडीसीपीने अडवलंय?

मी शेवटी वैतागून एक स्ट्रीमिंग स्टिक घेतली आणि मॉनिटरच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात खोचली. मॉनिटरच्या मागच्या बटणाने इनपुट बदलायचं की झालं, कॉम्प्युटरचा संबंधच संपला. स्टिकमध्ये एल१ असतं त्यामुळे सगळी दारं आपोआप उघडतात. फक्त दोन गोष्टी बघा, स्टिक ४के वाली हवी, आणि ती ज्या पोर्टात खोचाल त्याला एचडीसीपी २.२ हवं. आवाजासाठी मॉनिटरच्या हेडफोन जॅकमधून स्पीकरला वायर. स्टिकला वीज मॉनिटरच्या यूएसबीतून देऊ नका, माझी मधेच बंद पडून परत चालू व्हायची, तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवर टाकल्यापासून शहाण्यासारखी चालतेय.

सांजवेळ
परत आले. काल रात्री सगळं एकेक करून बघितलं म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

नुसतं एजवर गेल्यावर चित्र आधीपेक्षा बरं झालं, पण बिल्ला एचडीच. एचईव्हीसी ॲड-ऑन माझ्याकडे नव्हतं, ते घातलं, तरी एचडीच. मग तारतम्य म्हणाले तसं विंडोज-पी, जुना मॉनिटर काळा झाला, एज बंद करून परत उघडलं आणि आला यूएचडी! सुरुवातीचे काही सेकंद धूसर होतं, मी म्हटलं झालं परत, पण मग एखाद्याने काच पुसावी तसं स्वच्छ होत गेलं. ते सुरुवातीचं धूसर का असतं?

आणि जुना मॉनिटर परत चालू केल्या केल्या लगेच खाली आलं, म्हणजे गुन्हेगार तोच. पण तो कायमचा काढून टाकणं मला परवडणारं नाही, काम त्याच्यावरच चालतं. दोन्ही चालू ठेवून ४के असा काही मार्ग?

तारतम्य
सुरुवातीचं धूसर नॉर्मल आहे. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या क्वालिटीत तयार ठेवलेला असतो. प्लेअर पहिला तुकडा हलका मागवतो म्हणजे लगेच सुरू होता येतं, मग तुमचा वेग अंदाजून वर चढतो. वायफायवर असाल तर हा अंदाज सारखा डळमळतो. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर निदान ५ वर जा, आणि डेस्कटॉप जागचा हलत नाही तर सरळ लॅन केबल ओढा. वायफायची स्पीड टेस्ट ९० दाखवते ती त्या क्षणाची, सिनेमा दोन तास चालतो.

दोन्ही मॉनिटर चालू ठेवून करायचं तर दुसराही एचडीसीपी २.२ चा, डिजिटल केबलवाला हवा. कॉम्प्युटरवरून दुसरा मार्ग नाही. नाहीतर वरची स्टिकची युक्ती तुमच्यासाठी उत्तम, ४के मॉनिटर इनपुट बदलून स्टिकवर आणि कॉम्प्युटर जुन्या मॉनिटरवर मेल बघत बसेल. मी असतो तर विंडोज-पीच दाबत राहिलो असतो, सिनेमा बघताना एक्सेल दिसायलाच कशाला हवं.

उलटसुलट
एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवण्याची पद्धत) चालू करण्याचा मोह झाला तर जरा थांबा. मॉनिटरवर "डिस्प्लेएचडीआर ४००" लिहिलेलं असेल तर ते फक्त नावाला, ४०० निट्स उजेड आणि मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची अटच नाही त्यात. विंडोजमध्ये एचडीआर ऑन केलं की डेस्कटॉप फिकुटलेला आणि सिनेमातला काळा रंग राखाडी. अशा मॉनिटरवर साधं एसडीआर जास्त चांगलं दिसतं. ओलेड किंवा मिनी एलईडी असेल तर बिनधास्त चालू करा.

सांजवेळ
४०० च आहे, आणि हो, राखाडी दिसत होतं, बंद केलं. स्टिकचं बघते, एक मैत्रीण तिची देणार आहे ट्रायला.

एक शेवटचं, क्वालिटी आता मस्त आहे पण कॅमेरा हळूहळू बाजूला सरकतो ना, तेव्हा चित्र बारीक बारीक झटके खात जातं. हॉलमधल्या टीव्हीवर असं होत नाही. फ्रेम ड्रॉप होतायत का?

पिक्सेलपंत
फ्रेम ड्रॉप नसणार. सिनेमा २४ फ्रेमचा, तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. मग एक फ्रेम दोन वेळा, पुढची तीन वेळा, परत दोन, असं दाखवत जावं लागतं, सरकत्या शॉटमध्ये डोळ्याला तोच झटका कळतो. टीव्ही सिनेमा ओळखून आपला वेग जुळवून घेतात. १२० किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर तिकडे लावा, दोन्हीला २४ ने भाग जातो. ६० वालाच असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या यादीत २४ हर्ट्झ आहे का बघा, बऱ्याच ४के मॉनिटरांत एचडीएमआयवर असतो. सिनेमापुरता तो लावा. माउस मात्र चिखलात रुतल्यासारखा चालेल, संपल्यावर आठवणीने ६० करा.

सांजवेळ
आहे यादीत २४! लावते आज रात्री.